खाचा

लंडनहून एक साहेब आले, काखेत वही.
म्हणाले, ससेक्सच्या जुन्या खेळाडूंची यादी करतोय,
पेनफोल्डचं पहिलं नाव काय?

मी म्हटलं, बसा. जपून,
त्या बाकाचा एक पाय लंगडा आहे.

मी लिहिणारा नव्हे, साहेब. मी खाचा पाडणारा.
हेझलची सोललेली काठी, खिशातला चाकू,
एक धाव, एक खाच,
दहावी जरा खोल,
अंधारातही अंगठ्याला कळावी अशी.
सकाळी टेकडीवरून मेंढ्या हाकलायच्या, लेंड्या वेचायच्या,
मग सामना.
उभं राहायची रेघसुद्धा तेव्हा गवतात कोरत.
म्हणजे जमिनीलाही खाचच.

पेनफोल्ड चुनाभट्टीवरचा.
भुवया कायम पांढऱ्या, विशीतच म्हातारा दिसायचा.
बसून उठला की गवतावर त्याची बैठक उमटलेली,
चेंडूवर बोटांचे ठसे.
आम्ही त्याला पांढऱ्याच म्हणायचो.
बायको, फिलाडेल्फी, तीसुद्धा नाव घ्यायची नाही,
दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची,
आणि तो भट्टीवरून खाली यायचा, मेंढपाळाच्या कुत्र्यासारखा.

हात खांद्याइतका वर नेऊन टाकायचा.
नवीन होतं ते तेव्हा. पुष्कळांना पापच वाटायचं.
एकदा पंच म्हणून पाद्रीबाबा उभे होते,
'नो बॉल' ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला,
जेवणानंतर बिअरनं डोळा लागला,
तेवढ्यात पेनफोल्डनं पाच जण काढले.
अख्ख्या केंटला चुना लावला त्या दिवशी.

पण झेल गेला तर कागदावर नाव झेलणाऱ्याचं.
टाकणाऱ्याचं नाही. तशी रीत होती.
जमीनदाराचा भाचा यष्टीशेजारी उभा असायचा, रेशमी गळपट्टा लावून,
त्या उन्हाळ्यात त्याच्या नावावर एकवीस.
फिलाडेल्फी विचारायची,
मग तू दिवसभर तिथं केलंस काय?

जिंकलं तर पाच पौंड, हरलं तर तीन.
चौदा मैल चालत यायचा,
बॅट खांद्यावर, बूट हातात,
बूट खेळण्यापुरते राखलेले.
मधलं बोट तीनदा मोडलं,
पुढं त्याला बादलीची कडी अडकवायचा, हसायचा.

मग एका जानेवारीत भट्टीचा चुना डोळ्यात उडाला.
डावा गेला.
तरी मे महिन्यात आला, चौदा मैल, बूट हातात.
मी संघाच्या काठीशिवाय
त्याच्यासाठी म्हणून वेगळी एक सोलून ठेवली होती,
चांगली लांब, गाठ नसलेली.
शेवटून दुसरा आला. पहिलाच चेंडू.
मधली यष्टी कशी उडाली ते त्याला दिसलं नाही,
आवाजावरून कळलं.
वळला तो, पण भलत्याच दिशेला.
कोणीतरी दंडाला धरून तंबूकडे आणला.

गेला तो गरीबखान्यात, कडाक्याच्या थंडीत.
दगड वगैरे काही नाही.
खड्ड्यात चुना टाकला त्यांनी,
तोही बेताचाच.
आता मैदानावरच्या रेघा चुन्यानं मारतात म्हणे.
मी काही बघायला गेलो नाही.

साहेबांनी पेन्सिलीला थुंकी लावली.
पण नाव, म्हणाले, नाव?

सव्वीस उन्हाळे मी त्या माणसाकडे बघत बसलो, साहेब.
होव्हच्या सामन्यातल्या त्याच्या सतरा धावा
अजून अंगठ्यावर मोजून देतो, कुठली कुणाला मारली त्यासकट.
नाव विचारायचं राहून गेलं.

त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता येत नाही,
पण दोनच शब्दांची जागा गेली.

बाकीच्या काठ्या त्या त्या हिवाळ्यात चुलीत गेल्या.
ती एक आहे. मागं परसात,
घेवडा चढलाय तिच्यावर.
दाखवतो चला. दाखवण्यासारखं तसं काही नाही,
एकही खाच नाही तिला.
इतकी गुळगुळीत काठी माझ्या हातून पुन्हा सोलली गेली नाही.

शेंगा नेता का थोड्या?